हातानं घडवलेला बेस: जास्तीचे पैसे नक्की कशाचे?

खर्जप्रेमी (धागाकर्ता)

मंडळी, पाच तारांचा बेस (बेस गिटार) घ्यायचा तर पुण्यात आज दोन वाटा दिसतात. एक म्हणजे कारखान्यात बनलेला चांगला बेस, साधारण ऐंशी-नव्वद हजारांचा. दुसरी, एखाद्या कारागिराला मापं देऊन घडवून घेतलेला, त्याला अडीच-तीन लाख सहज लागतात. परदेशी नामांकित घराचा हवा असेल तर हिशेबच वेगळा. फोडेरा या अमेरिकी कंपनीचा कस्टम बेस दहा हजार डॉलरच्या पुढे जातो, वर सीमाशुल्क.

माझं मत आधीच मांडतो. या जास्तीच्या पैशांतला मोठा वाटा नेकमध्ये (डाव्या हातात धरायचा दांडा) आणि फ्रेटच्या (त्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) कामात दिसला पाहिजे. वरच्या देखण्या लाकडाच्या पातळ फळीसाठी लाखभर रुपये मोजायला माझी तयारी नाही. पटतं का? आवाजात, हाताला आणि पुढे विकताना काय फरक पडतो ते लिहा. नुसतं 'टोन भारी आहे' नको. कुठली तार, कुठला फ्रेट, किती मिलिमीटर, असं हवं.

चौथी तार

रुमाल टाकून ठेवतो. विषय जिव्हाळ्याचा आहे.

मंद्र सप्तक

सुरुवात बी तारेपासून (सगळ्यात खालच्या सुराची पाचवी तार) करू, कारण पाच तारांच्या बेसची लायकी तिथेच कळते.

उघडी बी तार ३०.८७ हर्ट्झची, ई ४१.२ हर्ट्झची. बहुतेक बेस कॅबिनेट चाळीसच्या खाली झपाट्यानं दम सोडतात. म्हणजे ३१ हर्ट्झ आपल्या कानापर्यंत नावालाच येतो. ऐकू येतो तो ६२, ९३, १२४ हर्ट्झचा वरचा पसारा, आणि त्यावरून कान खालचा सूर जुळवून घेतो. म्हणून चांगली बी तार जास्त गडगडते असं नाही, तिचे वरचे स्वरांश स्वच्छ आणि सुरात असतात. तार जाड आणि सैल असली की हे स्वरांश थोडे चढे निघतात, सूर पसरतो आणि ट्यूनरचा काटा एका जागी ठरत नाही.

दुकानात किंवा कारागिराकडे करायची परीक्षा सोपी आहे. ॲम्पचे सगळे टोन मध्यावर, बेस पॅसिव्हवर (आतला प्रीॲम्प, म्हणजे सूर वाढवणारं बॅटरीवरचं सर्किट, बंद). बी तार पाचव्या फ्रेटला दाबून वाजवा, तो ई. लगेच उघडी ई तार. परत बी पाचवा. सूर एकच आहे, तर दोन्ही एकाच वाद्यातले वाटले पाहिजेत. साध्या बेसवर बी तारेवरचा ई मुका येतो, बोटाचा आघात ऐकू येतो पण मागे सूर उभा राहत नाही. मग हेच बी सातवा आणि ई दुसरा असं करा. एवढ्यात निम्मा निकाल लागतो.

सरळसोट

वरच्याशी सहमत, पण यासाठी तीन लाख कशाला? ३४ ऐवजी ३५ इंच स्केलचा (तारेची वाजणारी लांबी) कारखान्यातला बेस घ्या, काम झालं.

मंद्र सप्तक

@सरळसोट, गणित करून बघा. तीच तार, तोच सूर, तर ताण लांबीच्या वर्गानुसार वाढतो. ३५ भागिले ३४, त्याचा वर्ग, म्हणजे साधारण ६ टक्के वाढ. तार १२५ ची १३० केलीत (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) तर वस्तुमान आणि ताण ८ टक्के वाढतो, तेही ३४ इंचावरच. म्हणजे एक इंच स्केल वाढवून मिळतं त्याहून जास्त तार बदलून मिळतं. फक्त नटची (खुंट्यांकडच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) खाच तेवढी रुंद करून घ्या, नाहीतर तार खाचेच्या काठांवर बसते आणि पहिल्या तीन फ्रेटवर सूर चढा लागतो.

३५ इंचाची किंमत डाव्या हाताला मोजावी लागते. नटपासून पहिल्या फ्रेटचं अंतर ४८.५ मिमीचं ४९.९ होतं. पहिल्या चार फ्रेटमध्ये ज्यांचं सगळं काम चालतं त्यांना दोन तासांच्या कार्यक्रमात हे जाणवतं. शिवाय तारा बेसच्या बॉडीतून ओवायच्या असतील तर नेहमीच्या लांबीच्या पुरत नाहीत. तारेचा जाड भाग नटच्या पुढे पोचतो का ते आधी मोजा.

तीन लाख कशाचे, तर याच ताणाखाली न डगमगणाऱ्या नेकचे. ते शिसवी सांगतील.

शिसवी

नेकवर लिहितो, जरा लांबेल.

तार काय करते? तिची ऊर्जा दोन्ही टोकांतून लाकडात जाते. ब्रिजची (बॉडीवरची घोडी) बाजू जड आणि घट्ट असते. नेक मात्र लांब, सडपातळ आणि एका बाजूला मोकळा. त्याची स्वतःची कंपनसंख्या असते. तारेवरचा एखादा सूर तिच्याशी जुळला की नेक ती ऊर्जा शोषून घेतो आणि सूर अर्ध्यातच विझतो. यालाच डेड स्पॉट म्हणतात. बोल्ट-ऑन (नेक स्क्रूंनी बसवलेल्या), ३४ इंची बेसवर तो बहुतेक वेळा जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास सापडतो, म्हणजे सी, सी शार्प, डी. नेमकी सोलोची जागा!

तपासायचं कसं? ॲम्पला न जोडता जी तारेवर तिसऱ्यापासून नवव्या फ्रेटपर्यंत एकेक सूर सारख्या जोरानं वाजवून मनात आकडे मोजा. शेजारचे सूर आठपर्यंत टिकतात आणि एकच चारला संपतो, तर तो डेड स्पॉट. मग हेडस्टॉकला (नेकचं खुंट्यांचं टोक) एखादा छोटा सी-क्लॅम्प लावा (खाली कापड ठेवून) आणि परत मोजा. वजन वाढलं की नेकची कंपनसंख्या उतरते आणि डेड स्पॉट सरकतो. तो पूर्ण जात नाही, पण दोन सुरांच्या मध्ये नेऊन ठेवता आला तर त्रास संपतो.

चांगला कारागीर हे आधीच टाळायला बघतो. नेकचं लाकूड क्वार्टर-सॉन निवडतो, म्हणजे टोकाकडून पाहिलं तर वर्षवलयं फ्रेटबोर्डला (फ्रेट बसवायची पट्टी) काटकोनात उभी दिसतात. तीन किंवा पाच पट्ट्या चिकटवतो आणि शेजारच्या पट्ट्यांचे रेषे उलट दिशेला ठेवतो, एक पीळ घ्यायला लागली तर दुसरी तिला धरते. ट्रस रॉडच्या (नेकचा बाक जुळवायची आतली सळई) दोन्ही बाजूंना कार्बन फायबरच्या पट्ट्या बसवतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घाई करत नाही. नेक ओबडधोबड कापून काही आठवडे ठेवून देतो, वाकतो का बघतो, परत रंधा मारतो, मग फ्रेटबोर्ड चिकटवतो. कारखान्याला हा वेळ परवडत नाही. तुमचे पैसे या आठवड्यांचे.

खर्जप्रेमी

@शिसवी, धाग्याचं सार्थक झालं. एक उपप्रश्न: आपल्याकडे सागवान मुबलक. सागाचा नेक चालतो का? भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधून लाकूड आणून दिलं तर?

शिसवी

चालतो. साग हवेनं फार हलत नाही, हा त्याचा मोठा गुण. अडचणी दोन. तो तेलकट असतो, म्हणून चिकटवायच्या अगदी आधी, पाच-दहा मिनिटांत, दोन्ही पृष्ठभाग ॲसिटोननं पुसावे लागतात. पुसून तासभर ठेवलं की तेल परत वर येतं आणि सांधा पुढे उघडतो. दुसरं, त्यात सिलिका असल्यानं पटाशी आणि रंध्याची धार पटकन जाते. कडकपणात तो मेपलच्या मागे आहे, त्यामुळे नेक १-२ मिमी जाड ठेवावा किंवा कार्बन घालावा.

पण वखारीतून आजच कापून आणलेली फळी नको. नेकसाठी लाकडातली आर्द्रता ८ ते १० टक्के हवी. मॉइश्चर मीटरनं फळीच्या टोकाला न मोजता मध्ये मोजा, टोकं नेहमी जास्त सुकलेली असतात. जुन्या वाड्याच्या तुळया मिळाल्या तर सोनं, फक्त आतले खिळे मेटल डिटेक्टरनं शोधून काढा.

सरळसोट

इथे माझा आक्षेप. नेकचं मान्य. पण बॉडीचं लाकूड, 'स्वँप ॲशचा आवाज', 'महोगनीचा आवाज' हे मला पटत नाही. पिकअप चुंबकीय आहे, त्याला तारेची हालचाल कळते, लाकूड कळत नाही. पिकअपची जागा बदला, मग बघा फरक. साठच्या दशकातल्या आणि सत्तरच्या दशकातल्या फेंडरच्या जॅझ बेसमध्ये ब्रिजकडचा पिकअप जेमतेम १० मिमी सरकला आहे, आणि आवाजातला फरक कुणीही डोळे मिटून सांगेल. सत्तरचा बोचरा आणि करकरीत, साठचा भरीव. त्या १० मिमीला पैसे लागत नाहीत.

पेठेतला सोल्डर

+१. आणि पिकअपची उंचीसुद्धा. शेवटच्या फ्रेटला तार दाबून तारेपासून पिकअपपर्यंत २.५ ते ३ मिमी ठेवा. याहून जवळ आणला तर चुंबक तारेला ओढतो, वरच्या फ्रेटवर सूर लाटेसारखा हलतो आणि इंटोनेशन (सगळ्या फ्रेटवर सूर खरा लागणं) कधीच जुळत नाही. कित्येक जण यासाठी ब्रिजला दोष देतात. दोन बेसची तुलना करताना तारा एकाच जाडीच्या आणि सारख्या जुन्या, पिकअपची उंची मोजून सारखी, आणि आवाज डीआयमधून (ॲम्पऐवजी थेट जोडायची पेटी) सरळ रेकॉर्ड केलेला, एवढं पाळलं नाही तर त्या तुलनेवर बोलू नये.

शिसवी

@सरळसोट, निम्मं मान्य. बॉडीच्या लाकडाचा मोठा परिणाम वजनावर आणि तोलावर होतो, आवाजावर त्याहून कमी. पण वजन ही किरकोळ गोष्ट नव्हे. पाच तारांचा बेस ४ किलोच्या आत असावा. ४.८ किलोचा बेस तीन तास गळ्यात घेऊन उभं राहिल्यावर डावा खांदा वाजवू देत नाही.

तोल बघायला पट्टा गळ्यात घालून दोन्ही हात सोडा. हेडस्टॉक खाली गेला तर डावा हात कायम नेक उचलण्यात अडकणार आणि मनगट दुखणार. वरच्या शिंगावरचं पट्ट्याचं बटण बाराव्या फ्रेटच्या सरळ रेषेत येतं का ते पाहा. खूप अलीकडे असेल तर हलक्या खुंट्या लावल्याशिवाय इलाज नाही.

चौथी तार

आता रुमाल उचलतो. 'हातानं घडवलेला' या शब्दाबद्दल थोडं.

लिओ फेंडरनं १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणला आणि १९६० मध्ये जॅझ बेस, दोन्ही कारखान्यात झटपट जोडता येतील असेच आखले होते. नेक चार स्क्रूंवर बसवायचा, बिघडला तर दुसरा लावायचा. बुटीकची, म्हणजे मोजके बेस घडवणाऱ्या छोट्या कारागिरांची, वाट नंतरची. कॅलिफोर्नियात अलेम्बिकनं १९७२ मध्ये बेसवादक जॅक कॅसडीसाठी पहिला बेस केला, आतच प्रीॲम्प घालून. पुढे स्टॅन्ली क्लार्कच्या हातात अलेम्बिकचा बेस जगानं ऐकला. अँथनी जॅक्सनला सहा तारा हव्या होत्या, त्याच्यासाठी कार्ल थॉम्पसननं १९७५ मध्ये तसा बेस घडवला. न्यूयॉर्कमध्ये रॉजर सॅडोव्स्कीनं १९७९ पासून जुने जॅझ बेस सुधारून दिले, मार्कस मिलरचा त्यातलाच. फोडेरा १९८३ ची. या सगळ्यांची सुरुवात एका वादकाच्या एका अडचणीपासून झाली. म्हणून कारागिराकडे जाताना अडचण घेऊन जावं, फोटो घेऊन जाऊ नये.

आणि आज बहुतेक कारागीर बॉडी आणि नेकचा खिसा सीएनसीवर (संगणकानं चालणारं कापायचं यंत्र) कापतात. त्यात काही वावगं नाही. खिसा अर्धा मिमी सैल राहण्यापेक्षा यंत्रानं नेमका कापलेला बरा. फ्रेट समतल करायला सॅडोव्स्कीसारखे लोक प्लेक नावाचं जर्मन यंत्र वापरतात. हात लागला पाहिजे तो नेकच्या पाठीच्या गोलाईला, फ्रेटच्या टोकांना आणि नटच्या खाचांना.

तानपुऱ्याची खुंटी

अवांतर: मिरजेचे कारागीर तानपुऱ्याची जवारी काढतात ते बघितलं की नट-ब्रिजचं महत्त्व पटतं. घोडीचा माथा कानशीनं कणभर घासायचा, तार टेकवायची, ऐकायचं, परत घासायचं. तिथे तारेनं घोडीला हलकेच घासून बोलावं म्हणून सगळा खटाटोप. फ्रेटच्या बेसवर तेच घासणं दोष ठरतं, पण फ्रेटलेस (फ्रेट नसलेल्या) बेसचा जो नाकातला, गाणारा सूर आहे तो जवारीचाच भाऊ. तार सपाट लाकडावर अगदी कमी कोनात टेकते आणि पुढे काही अंतर घासत राहते. म्हणूनच फ्रेटलेसचा फ्रेटबोर्ड कठीण आणि एकसारखा हवा. बेसवादक जॅको पास्टोरियसनं फ्रेट काढलेल्या फ्रेटबोर्डवर इपॉक्सीचे थर दिले ते लाकूड तारांनी झिजू नये म्हणून, आणि आवाजही त्यानं उजळला.

शिसवी

सुंदर तुलना. फ्रेटलेससाठी रिलीफ (नेकचा हलका बाक) ०.१५ ते ०.२ मिमी पुरतो, त्याहून जास्त ठेवलात तर जवारी जाते.

हायग्रोमीटर

पुण्याच्या हवेवर कुणीच बोललं नाही? इथे एप्रिल-मेमध्ये दुपारची आर्द्रता वीस-तीस टक्क्यांवर येते आणि जुलै-ऑगस्टमध्ये ऐंशीच्या वर जाते. मेमध्ये घाट उतरून मुंबईत कार्यक्रमाला गेलात तर तीन तासांत कोरड्यातून दमटात.

कोरड्या दिवसांत फ्रेटबोर्ड रुंदीला आकसतो. लाकूड आकसतं, फ्रेटचं धातू आहे तेवढंच राहतं, आणि नेकच्या कडेवरून हात फिरवला की करवतीसारखी टोकं लागतात. एबनीवर जास्त. ही टोकं घासायची ती मेच्या शेवटी, लाकूड सगळ्यात आकसलेलं असताना. पावसाळ्यात घासलीत तर पुढच्या उन्हाळ्यात परत बाहेर येणार. कारागिराकडून डिलिव्हरी घेताना हे विचारा: 'फ्रेटची टोकं कुठल्या महिन्यात केली?' उत्तर नीट आलं तर माणूस जाणकार आहे.

रिलीफसुद्धा ऋतूप्रमाणे बदलतो. फ्रेटबोर्ड उघडा, पाठ पॉलिशनं बंद, दोन्ही लाकडं वेगळी, त्यामुळे नेक कुठल्या दिशेला हलेल हे प्रत्येक बेसचं वेगळं. पहिलं वर्षभर महिन्यातून एकदा मोजून वहीत लिहा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटच्या फ्रेटला बोट, सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती). ०.३ ते ०.४ मिमी ठीक. ट्रस रॉड एका वेळी पाव फेऱ्याच्या वर फिरवू नका. फिरवण्याआधी तारा थोड्या सैल करा, फिरवल्यावर सुरात लावून रात्रभर ठेवा, मग परत मोजा. घड्याळाच्या दिशेनं आवळलं की रिलीफ कमी होतो.

ॲक्शन (फ्रेटपासून तारेची उंची) नंतर. बाराव्या फ्रेटवर बीला २.४, जीला १.८ मिमी, ही सुरुवात. बझ सगळीकडे असेल तर रिलीफ बघा. फक्त वरच्या फ्रेटवर असेल तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू). एकाच फ्रेटवर असेल तर तो झिजलेला किंवा त्याच्या पुढचा फ्रेट उचललेला. फ्रेट रॉकर तीन फ्रेटवर ठेवून हलवून बघा, टकटक झाली की सापडला.

मंद्र सप्तक

@हायग्रोमीटर, लाख मोलाचं. एक भर: उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत बेस कधीही ठेवू नये. डिंक मऊ होऊन तारांच्या ताणाखाली सांधा सरकतो, आणि तो परत जागेवर येत नाही.

पेठेतला सोल्डर

आता माझा प्रांत. महागड्या बेसमध्ये प्रीॲम्पवर खर्च होतो, पण काम करवून घेताना मागावं ते असं: पॅसिव्ह स्विच हवाच, आणि पॅसिव्हमध्ये टोनचा पॉट (फिरवायचं बटण) चालला पाहिजे. कार्यक्रमात बॅटरी गेली तर बेस बोलता राहतो. कॉर्ड लावून ठेवली की बॅटरी जळत राहते, कारण जॅकच स्विचचं काम करतो. वाजवून झालं की कॉर्ड काढा. नवी ९ व्होल्टची बॅटरी मल्टिमीटरवर साडेनऊच्या आसपास दाखवते. आठच्या खाली आली की जोरात स्लॅप (अंगठ्याचा फटका) मारल्यावर आवाज फाटतो, तेव्हा बदला.

गुणगुण हा वेगळा विषय. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी ४९ हर्ट्झचा. म्हणजे सिंगल-कॉइल पिकअपची गुणगुण नेमकी त्या सुरावर बसते आणि ताल धरल्यासारखी हलते. तार हातात धरल्यावर गुणगुण कमी झाली तर ग्राउंड ठीक. हात लावल्यावर वाढली किंवा झिणझिणलं, तर आधी मंडपातलं अर्थिंग तपासा, बेस खाली ठेवा. गणपतीच्या दिवसांत हे फार महत्त्वाचं.

आतल्या खोबणीला तांब्याची पट्टी चिकटवून ती ग्राउंडला जोडा, पट्टीच्या सांध्यांवर सोल्डरचा थेंब हवा, नुसत्या डिंकावर भरवसा नको. पॉट, कपॅसिटर तपकीर गल्लीत मिळतात. पॅसिव्ह पिकअपला २५० के, आणि विकत घेण्याआधी मल्टिमीटरवर मोजा. दोन्ही व्हॉल्यूमचे पॉट एकमेकांच्या जवळचे निवडा.

चौथी तार

किमतीबद्दल. परदेशातून मागवलात तर सीमाशुल्क बेसच्या किमतीवर थांबत नाही. वाहतूक आणि विमा धरून लागतं, आणि त्या बेरजेवर जीएसटी. जुना बेसही सुटत नाही. सीमाशुल्काच्या ९२०७ या शीर्षाखालचा चालू दर बघूनच हिशेब मांडा.

शिसम-रोझवूडबद्दल २०१७ च्या जानेवारीत सगळी डालबर्जिया जात (शिसम-रोझवूडचं कूळ) साइट्सच्या, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आली, तेव्हा खूप गोंधळ होता. २०१९ च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना सूट आहे, ब्राझिलियन रोझवूड सोडून. ते १९९२ पासून कडक बंदीत आहे, कागद नसलेलं घेऊ नका.

विकताना कटू सत्य असं: मोठ्या नावाचा बेस किंमत धरून ठेवतो, कारण ते नाव मुंबईतल्या आणि बंगळुरूतल्या वादकालाही माहीत असतं. स्थानिक कारागिराचा बेस, कितीही उत्तम असला तरी, निम्म्यावर येतो. आणि मापं जितकी तुमच्याच हाताची, तितका गिऱ्हाईक कमी. पुढे विकायचा असेल तर ३४ इंच, ब्रिजवर १८ किंवा १९ मिमी अंतर आणि साधा रंग ठेवा.

खर्जप्रेमी

मग अडीच लाखांत कारागिराला काय लेखी द्यायचं? एवढं ठरलं की मी मोकळा.

शिसवी

आकडे द्या, विशेषणं नकोत. स्केल ३४. तारांमधलं अंतर ब्रिजवर १८ मिमी. नटची रुंदी ४६-४७. नेकची जाडी पहिल्या आणि बाराव्या फ्रेटवर, तुम्हाला आवडणाऱ्या बेसवर कॅलिपरनं मोजलेली. वजन ४ किलोच्या आत, तारांसकट. ट्रस रॉड दुहेरी, दोन्हीकडे वाकवता येणारा, आणि नेक न काढता फिरवता येईल असा. कार्बनच्या दोन पट्ट्या. फ्रेट स्टेनलेस स्टीलचे, निकेलपेक्षा खूप सावकाश झिजतात. पिकअप कुठल्या जागी, तर बाराव्या फ्रेटपासून मिमीमध्ये. वरची देखणी फळी रद्द, ते पैसे वाट बघण्यात घाला: नेक चिकटवल्यापासून फ्रेट बसवेपर्यंत किमान सहा आठवडे. त्यातलं जे जमणार नाही ते कारागिरानं आगाऊ पैसे घेण्याआधी सांगावं. आणि ताबा घेताना बी पाचवा-ई उघडा, जी तारेचे आकडे आणि पट्ट्याची परीक्षा, तिन्ही त्याच्या समोर करा.

सरळसोट

हे सगळं कारखान्याच्या ऐंशी हजारांच्या बेसवर दुकानात करून बघा. दहांतला एखादा पास होतो. तो सापडला तर उरलेल्या पैशात चांगलं कॅबिनेट येतं. सापडला नाही तर कारागिराकडे जा. माझा विरोध इतकाच.

मंद्र सप्तक

हे मात्र शंभर टक्के मान्य. आधी दहा बेस तपासा.

खर्जप्रेमी

तसंच करतो, मापं लिहून घेतली. फिलर गेज वाद्यांच्या दुकानात मिळाला नाही. पुण्यात कुठे?

हायग्रोमीटर

नाना पेठेत, गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मागा. टॅपेट सेट करायला मेकॅनिक तोच वापरतात. पात्यांवर तेल असतं, तारेखाली घालण्याआधी पुसून घ्या.